रिकामा लखोटा आणि चौदा माणसं

१४ ऑगस्ट १९४७ची मध्यरात्र उलटून गेली होती. संविधान सभेतली भाषणं झाली, प्रतिज्ञा झाली, शंख फुंकून झाला. मग जवाहरलाल नेहरू आणि राजेंद्रप्रसाद गव्हर्नमेंट हाउसमध्ये पोहोचले. माउंटबॅटन यांना स्वतंत्र भारताचे गव्हर्नर-जनरल होण्याचं रीतसर आमंत्रण द्यायचं होतं. ते दिल्यावर नेहरूंनी त्यांच्या हाती एक लखोटा ठेवला. नव्या मंत्रिमंडळाची नावं आणि खाती त्यात आहेत, असं सांगितलं. पाहुणे गेल्यावर माउंटबॅटननी लखोटा उघडला, तर आत काहीच नव्हतं. त्यांचे प्रसिद्धी अधिकारी ॲलन कॅम्पबेल-जॉन्सन यांनी ही हकिगत लिहून ठेवली आहे.

लग्नघरात अक्षता पडायच्या वेळी मंगळसूत्र सापडू नये, तसा हा प्रकार. काही तासांनी दरबार हॉलमध्ये शपथविधी झाला आणि ही गंमत गर्दीत विरून गेली. पण तो रिकामा लखोटा मनातून जात नाही. नवा देश सरकार बनवतो तेव्हा लखोट्यात नक्की काय घालायचं असतं? नावं तर हवीतच. पण त्या नावांपुढे लिहायची खाती कुठून येतात? ती कुणी ठरवलेली असतात? आणि जे काम जुन्या यादीत कधी नव्हतंच, ते कोणाच्या नावावर मांडायचं?

वही जुनीच होती

खातं हा मूळचा हिशेबाच्या वहीतला शब्द. खातं उघडतात, खात्यावर मांडतात, देणं फिटलं की खातं बेबाक करतात. सरकारच्या कामाची वाटणीही मराठी माणूस याच शब्दाने सांगतो. 'पंतप्रधान' हा शब्द तर आपल्याकडे पेशवाईतून चालत आला. हिंदीत प्रधानमंत्री म्हणतात, आपण पंतप्रधानच म्हणतो. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा अमात्याकडे जमाखर्च, सचिवाकडे दफ्तर, सुमंताकडे परराज्यांशी व्यवहार आणि सेनापतीकडे फौज अशी वाटणी होती. 'मंत्री' हे त्या आठांतल्या एकाच प्रधानाचं नाव होतं, आणि महाराजांच्या रोजच्या कारभाराची नोंद ठेवणं हे त्याचं काम होतं.

नेहरूंच्या यादीची वंशावळ मात्र रायगडावरून येत नाही, ती कलकत्त्याहून येते. १८५७ नंतर गव्हर्नर-जनरल असलेल्या लॉर्ड कॅनिंगपुढे कागदांचा ढीग साचत होता. कौन्सिलातल्या सगळ्यांनी मिळून प्रत्येक कागद पाहायचा, ही जुनी रीत. कॅनिंगने ती मोडली आणि एकेका सदस्याला एकेक खातं वाटून दिलं. १८६१च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने या पद्धतीला कायद्याचा आधार मिळाला. राज्यकर्ते बदलत गेले, पण वहीची आखणी हीच राहिली.

सरकारला कशाची काळजी वाटते, हे वहीची आखणी पाहून कळतं. इंग्रजी राजवटीत परराष्ट्र व्यवहाराचं खातं व्हाइसरॉय स्वतःकडे ठेवत असे. फौजेचा सरसेनापती कौन्सिलात बसत असे आणि मानात त्याचा क्रम व्हाइसरॉयच्या लगेच नंतरचा असे. गृह खात्याकडे पोलीस, तुरुंग आणि सनदी नोकरशाही. उलट शिक्षण, आरोग्य आणि जमीन या तिन्हींना मिळून एकच विभाग होता, आणि तो १९४५ पर्यंत तसाच चालला. जनतेच्या शाळा आणि दवाखान्यांना या वहीत स्वतंत्र पान मिळायला एवढा उशीर लागला.

खात्यांचं वजन किती असतं, याची रंगीत तालीम देशाने वर्षभर आधीच पाहिली होती. २ सप्टेंबर १९४६ ला नेहरूंच्या नेतृत्वाखाली हंगामी सरकार आलं. ऑक्टोबरअखेर मुस्लिम लीग त्यात सामील झाली तेव्हा भांडण पेटलं ते खात्यांवरून. लीगला मोठं खातं हवं होतं. वल्लभभाई पटेल गृह खातं सोडायला तयार नव्हते. शेवटी अर्थखातं लियाकत अली खान यांच्याकडे गेलं. आकडेमोडीचं रुक्ष खातं देऊन प्रश्न सुटला, असं ज्यांना वाटलं त्यांना लवकरच उमगलं की शिपायाच्या नेमणुकीपर्यंतचा प्रत्येक खर्च अर्थखात्याच्या टेबलावरून जातो. खर्चाच्या फायली अडू लागल्या. फेब्रुवारी १९४७ मध्ये लियाकत अलींनी धंद्यातल्या एक लाख रुपयांवरच्या नफ्यावर २५ टक्के कर सुचवला, तेव्हा काँग्रेसला पैसे देणारे उद्योगपती हादरले. किल्ल्या कोणाकडे हे विचारून झालं होतं. तिजोरी कोणाकडे हे विचारायचं राहिलं होतं.

लखोट्यातली नावं

आता लखोटा भरू या. १५ ऑगस्ट १९४७ ला शपथ घेतलेली माणसं चौदा होती. नेहरू पंतप्रधान, परराष्ट्र व्यवहार, राष्ट्रकुल संबंध आणि वैज्ञानिक संशोधन त्यांच्याकडेच. पटेल उपपंतप्रधान, गृह, माहिती व नभोवाणी आणि संस्थानं ही खाती त्यांची. अन्न आणि शेती राजेंद्रप्रसादांकडे, शिक्षण मौलाना आझादांकडे, संरक्षण सरदार बलदेव सिंगांकडे. रेल्वे आणि वाहतूक जॉन मथाई, अर्थ आर. के. षण्मुखम चेट्टी, व्यापार सी. एच. भाभा, उद्योग व पुरवठा श्यामाप्रसाद मुखर्जी. दळणवळण रफी अहमद किडवाई, मजूर खातं जगजीवन राम, आरोग्य राजकुमारी अमृत कौर. आणि दोन नावं मराठी मुलखातली: कायदा खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे, तर बांधकाम, खाणी व वीज काकासाहेब गाडगीळांकडे.

या यादीकडे दोन अंगांनी पाहायला हवं. पहिलं अंग तुरुंगाचं. नेहरू, पटेल आणि आझाद हे तिघे 'छोडो भारत'नंतर अहमदनगरच्या किल्ल्यात एकत्र कैदेत होते. १९४२ च्या ऑगस्टपासून जवळपास तीन वर्षं तिथे वाचन, बागकाम आणि वाद यांत गेली. ज्या गृह खात्याच्या हुकमाने ही माणसं आत टाकली गेली, त्याच खात्याच्या खुर्चीत आता त्यांच्यापैकी एक जण बसला होता. आपल्यावर पाळत ठेवणारे अहवाल ज्यांनी लिहिले, त्याच अधिकाऱ्यांकडून त्याला आता काम करून घ्यायचं होतं.

दुसरं अंग पक्षाचं. चौदांपैकी सहा जण काँग्रेसचे नव्हते. आंबेडकर काँग्रेसचे सर्वांत कठोर टीकाकार. मुखर्जी हिंदू महासभेचे. चेट्टी जस्टिस पार्टीच्या परंपरेतले, कोचीन संस्थानचे माजी दिवाण, १९४४च्या ब्रेटन वुड्स परिषदेत बसून आलेले. बलदेव सिंग अकाली. मथाई अर्थशास्त्रज्ञ आणि टाटा समूहातले, उद्योगपतींच्या १९४४च्या 'बॉम्बे प्लॅन'वर सही असलेले. भाभा मुंबईचे पारशी व्यापारी. यादीत दोन मुसलमान, दोन ख्रिस्ती, एक शीख, एक पारशी आणि दोन दलित होते, आणि स्त्री फक्त एक. त्या म्हणजे कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या अमृत कौर. त्यांनी गांधीजींच्या चिटणीस म्हणून वर्षानुवर्षं काम केलं होतं आणि सेवाग्रामच्या आश्रमात दिवस काढले होते.

आंबेडकरांचं नाव यादीत येण्याआधी एक अडथळा दूर व्हावा लागला. ते बंगालमधून संविधान सभेवर निवडून आले होते, पण फाळणीने ती जागा गेली. ३० जून १९४७ ला राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून त्यांना मुंबईतून निवडून पाठवायला सांगितलं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्याने रिकामी झालेली जागा त्यांना मिळाली. दोन महिन्यांच्या आत, २९ ऑगस्टला, ते मसुदा समितीवर नेमले गेले आणि लगोलग तिचे अध्यक्ष झाले.

वहीत नसलेली पानं

जुन्या वहीत बसत नाही असं काम समोर आलं की नवं पान उघडावं लागतं. १९४७ मध्ये अशी दोन पानं उघडली गेली.

पहिलं संस्थानांचं. साडेपाचशेहून अधिक संस्थानांशी इंग्रज सरकारचा व्यवहार 'पोलिटिकल डिपार्टमेंट'मार्फत चालत असे, आणि तो सगळा राजप्रतिनिधीच्या अधिकारात. इंग्रज जाताच ते नातं संपणार, म्हणजे कागदोपत्री प्रत्येक राजा मोकळा. म्हणून सत्तांतराच्या जेमतेम सहा आठवडे आधी, ५ जुलैला, पटेलांच्या हाताखाली संस्थान खातं सुरू झालं आणि व्ही. पी. मेनन त्याचे सचिव झाले. राजांपुढे मागणी फक्त तीन विषयांची ठेवली: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. बाकी कारभाराला हात लावत नाही, असं सांगितल्यावर सह्या पडत गेल्या. १५ ऑगस्टपर्यंत काश्मीर, हैदराबाद, जुनागड अशी मोजकी अडलेली नावं उरली.

दुसरा टप्पा विलीनीकरणाचा, आणि त्याच्या आठवणी आपल्याकडच्या अनेक घरांत अजूनही सापडतील. ८ मार्च १९४८ ला सांगली, औंध, फलटण अशी दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात मिळाली. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर, १ मे १९४९ ला बडोदा. हैदराबादेत १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि मराठवाडा मोकळा झाला. दीडदोन वर्षांत एका नव्या खात्याने देशाचा नकाशा बदलला.

दुसरं पान निर्वासितांचं. याची तर कुणी आगाऊ आखणीच केली नव्हती. ऑगस्टअखेर पंजाबमधून माणसांचे लोंढे सुरू झाले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला दिल्लीच पेटली. ६ सप्टेंबरला मंत्रिमंडळाची आणीबाणी समिती स्थापन झाली. नेहरू आणि पटेलांच्या विनंतीवरून तिचं अध्यक्षपद माउंटबॅटन यांनी घेतलं. त्याच सुमारास मदत व पुनर्वसनाचं स्वतंत्र खातं निघालं आणि ते के. सी. नियोगी यांच्याकडे गेलं. तंबू, धान्य, कॉलऱ्याची लस, पळवून नेलेल्या बायकांचा शोध, सोडून आलेल्या घरांचे दावे हे सगळं एका खात्याच्या माथी आलं. या खात्याच्या खुणा आपल्याकडेही आहेत. महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासितांची छावणी पडली, तिचंच १९४९ मध्ये उल्हासनगर झालं.

एकाच तारेतले दोन मराठी मंत्री

खाती माणसांपेक्षा जास्त टिकतात, हे पाहायचं तर वीज खात्याकडे पाहावं.

१९४२ ते १९४६ या काळात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. नाव मजूर खातं असलं तरी पाटबंधारे, वीज आणि सरकारी बांधकामं हे विषय त्याच खात्यात होते. १९४३ मध्ये दामोदर नदीला महापूर आला आणि कलकत्त्याचा देशाशी संबंध तुटला. तेव्हा आंबेडकरांच्या खात्याने अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर एक विचार मांडला: पूर अडवणं, शेतीला पाणी आणि वीज ही तिन्ही कामं एकाच नदीखोऱ्यात एकत्र करावीत आणि त्यासाठी स्वतंत्र महामंडळ असावं. महानदीवरच्या हिराकूडची आखणीही त्याच काळातली.

१९४७ मध्ये आंबेडकर कायदामंत्री झाले आणि बांधकाम, खाणी व वीज खातं गाडगीळांकडे आलं. पुण्याचे वकील, पर्वती सत्याग्रहातले कार्यकर्ते, १९३४ पासून दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बसलेले. त्यांच्या काळात १९४८ चा दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. भाक्रा-नांगल आणि हिराकूडची कामं पुढे सरकली. वीजपुरवठ्याचा कायदाही १९४८चाच. प्रांतोप्रांती वीज मंडळं स्थापन करायची तरतूद त्यात होती, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ याच कायद्याखाली जन्माला आलं. आपल्या घरी वर्षानुवर्षं येणाऱ्या लाइटबिलाची मुळं शोधत गेलं, तर ती या दोन मराठी मंत्र्यांच्या टेबलांपर्यंत जातात.

गाडगीळांच्या खात्याला काश्मीरच्या युद्धाचं कामही करावं लागलं. फाळणीपूर्वी काश्मीरकडे जाणारी मुख्य वाट सियालकोट आणि रावळपिंडीकडून जात होती, आणि ती दोन्ही गावं पाकिस्तानात गेली. भारताच्या हाती राहिला पठाणकोटकडून जम्मूकडे जाणारा कच्चा, नदीनाल्यांनी तोडलेला रस्ता. फौजेची रसद त्याच वाटेने न्यायची, म्हणून तो पक्का करण्याचं काम बांधकाम खात्याने युद्धपातळीवर हाती घेतलं. फाळणीच्या रेषेने रस्ते कसे तुटले होते, हे नकाशा बघणाऱ्यापेक्षा खडी टाकणाऱ्याला आधी कळलं.

शेजारचं दळणवळण खातं किडवाईंकडे होतं. नवी कल्पना सुचली की तिला नियमांत कसं बसवायचं, ते नंतर बघणारा हा माणूस. १९४९ मध्ये त्यांनी रात्रीची विमानटपाल सुरू केली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून संध्याकाळनंतर निघालेली विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला भेटत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. चौदा माणसांच्या सरकारने देश जोडला म्हणतात, तो असाही जोडला: नागपूरच्या सोनेगाव धावपट्टीवर, कंदिलाच्या नाही पण तसल्याच अपुऱ्या उजेडात, पोत्यांच्या अदलाबदलीने.

तिजोरीत काय होतं

२६ नोव्हेंबर १९४७ ला चेट्टींनी स्वतंत्र भारताचा पहिला अर्थसंकल्प मांडला. तो साडेसात महिन्यांचाच होता, ३१ मार्च १९४८ पर्यंतचा. अंदाजित उत्पन्न १७१.१५ कोटी, खर्च १९७.३९ कोटी, तूट २६.२४ कोटी. खर्चापैकी ९२.७४ कोटी संरक्षणावर, म्हणजे रुपयातले जवळजवळ आठ आणे. नव्या देशाची स्वप्नं शाळा आणि धरणांची होती, पण पहिल्या हिशेबात निम्मा पैसा फौजेला लागला.

हा अर्थसंकल्प ऐकणाऱ्या सभागृहालाही अध्यक्ष मिळून नऊच दिवस झाले होते. संविधान सभाच कायदेमंडळ म्हणूनही काम करत होती, आणि १७ नोव्हेंबरला दादासाहेब मावळंकर तिचे सभापती झाले. हा बदल कागदावर छोटा दिसतो, पण खरा बदल तोच होता. व्हाइसरॉयच्या कौन्सिलातला माणूस वर उत्तर देत असे, लंडनला. आता मंत्र्याला समोर बसलेल्या सभासदांना उत्तर द्यायचं होतं. खाती जुनी, फायली जुन्या, अधिकारी बहुतेक तेच. फक्त उत्तर देण्याची दिशा बदलली.

फौजेच्या बाबतीत तर हा बदल विटामातीत दिसला. सरसेनापतीचं कौन्सिलातलं आसन गेलं आणि फौज मुलकी मंत्र्याच्या हाताखाली आली. नेहरू त्या वेळी यॉर्क रोडवरच्या १७ क्रमांकाच्या बंगल्यात राहत होते. १९४८ मध्ये ते ज्या प्रशस्त वास्तूत राहायला गेले, ती तीन मूर्तीची इमारत पूर्वी सरसेनापतीचं निवासस्थान होती. राज्यात दुसरा मान असलेल्या सेनापतीच्या घरात आता निवडून आलेला पंतप्रधान राहू लागला.

भांडणातून झालेले नियम

मंत्रिमंडळ कसं चालावं, याची लेखी पोथी त्या वेळी नव्हती. १९३५ चा कायदा दुरुस्त करून वापरात होता. त्यात उपपंतप्रधान हे पदच नव्हतं. प्रश्न उभा राहिला की तंटा होई, आणि तंट्यातून रीत पडे.

सर्वांत मोठा तंटा पहिल्या दोघांतलाच. डिसेंबर १९४७ मध्ये अजमेरला दंगल झाली. तिथली पाहणी करायला नेहरूंनी आपले खासगी सचिव पाठवले. कायदा-सुव्यवस्था गृह खात्याची, मग पंतप्रधानांचा माणूस मध्ये कसा? काश्मीरचं काम नंतर मंत्रिमंडळात आलेल्या गोपालस्वामी अय्यंगारांकडे गेल्याचीही पटेलांना बोच होती. जानेवारी १९४८ मध्ये दोघांनी आपापलं म्हणणं लिहून गांधीजींपुढे ठेवलं. नेहरूंचं म्हणणं असं की पंतप्रधानाला कोणत्याही खात्यात लक्ष घालण्याची आणि हवं तेव्हा पावलं उचलण्याची मोकळीक हवी, नाहीतर ते पद शोभेचं होईल. पटेलांचं म्हणणं असं की पंतप्रधान बरोबरीच्यांतला पहिला. त्याने समन्वय साधावा, पण खात्याच्या मंत्र्याला ओलांडू नये. ३० जानेवारीला दुपारी चार वाजता पटेल याच विषयावर गांधीजींशी बोलत बसले होते. त्यामुळे प्रार्थनेला उशीर झाला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. त्या संध्याकाळनंतर दोघांनी तो वाद मिटवला नाही, पण दोघेही एकत्र राहिले. १५ डिसेंबर १९५० ला पटेल गेले आणि प्रश्न नेहरूंच्या बाजूने आपोआप सुटला.

बाकीच्या रीती राजीनाम्यांनी घालून दिल्या. ऑगस्ट १९४८ मध्ये चेट्टींना जावं लागलं. करचुकवेगिरीच्या चौकशीसाठी पाठवायच्या यादीतून काही नावं वगळली गेल्याचा ठपका आला. खात्यात झालेल्या गोष्टीची जबाबदारी मंत्र्याची, हा धडा पहिल्याच अर्थमंत्र्याने दिला. एप्रिल १९५० मध्ये पाकिस्तानशी झालेला नेहरू-लियाकत करार न पटल्याने मुखर्जी आणि नियोगी बाहेर पडले. मंत्रिमंडळाचा निर्णय मान्य नसेल तर आत राहून विरोध करता येत नाही, ही रीत त्यातून दिसली. चेट्टींच्या जागी आलेले मथाई त्याच वर्षी गेले. मार्चमध्ये स्थापन झालेला नियोजन आयोग अर्थखात्याच्या डोक्यावर बसेल, अशी त्यांची धास्ती होती. त्यांच्या जागी आले रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनीही राजीनामा दिला, तो संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात अजून सांगितला जातो.

आणि सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकर. हिंदू कोड बिल सभागृहात रेंगाळत राहिलं, हे मोठं कारण. पण राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी खात्यावरही बोट ठेवलं. कायदा खात्यात प्रशासनाचं काम नाही, धोरण घडवायला वाव नाही, अशी ती पोकळ पेटी आहे, हा त्यांचा सूर होता. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात ज्याने धरणं आणि वीज हाताळली, त्या अर्थशास्त्रज्ञाला स्वतंत्र देशात अर्थ, उद्योग, नियोजन यांपैकी काहीच मिळालं नाही, ही ती सल. संविधानाचा मसुदा ज्या माणसाकडून घडला, त्याच्या नावावर वहीतलं सर्वांत कोरडं पान होतं.

बेबाक

काँग्रेसबाहेरच्या सहा जणांपैकी पाच पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतून सरकार बनण्याआधीच गेले होते; भाभा १९४८ मध्येच बाहेर पडले, उरले ते एकटे बलदेव सिंग. मे १९५२ मध्ये निवडून आलेलं मंत्रिमंडळ बनलं तेव्हा मूळच्या चौदांपैकी पाचच त्यात होते: नेहरू, आझाद, किडवाई, जगजीवन राम आणि अमृत कौर. राजेंद्रप्रसाद राष्ट्रपती झाले होते. गाडगीळ पुढे पंजाबचे राज्यपाल आणि मग पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सर्वांचं म्हणून उभं राहिलेलं सरकार पाच वर्षांत एका पक्षाचं झालं. याला कुणी अपयश म्हणेल. पण गेलेल्यांपैकी बरेच जण भांडून, कारण सांगून गेले, आणि कुणाच्याही जाण्याने सरकार कोसळलं नाही. वही टिकली.

गंमत म्हणजे, ज्या मंत्रिमंडळाभोवती हे सगळं घडलं, त्या 'कॅबिनेट' शब्दाला १९५० च्या संविधानात जागाच नव्हती. तिथे फक्त मंत्रिपरिषद आहे. तो शब्द पुढे १९७८ मध्ये, चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने आणीबाणीच्या कलमात शिरला.

आता वहीत नव्याने उघडलेल्या पानांकडे परत येऊ. सरकारी खातं एकदा उघडलं की सहसा मिटत नाही. काम आटपलं तरी कारकून, खुर्च्या आणि पाटी उरतातच. संस्थान खात्याचं तसं झालं नाही. १९४७ च्या जुलैत, राज्य अजून इंग्रजांचं असतानाच, ते उघडलं गेलं होतं. जानेवारी १९५५ मध्ये ते गृह खात्यात मिळवून बंद करण्यात आलं. साडेपाचशे राजांशी करायचा व्यवहार उरलाच नव्हता. त्या रात्री रिकामा निघालेल्या लखोट्यातलं एक खातं तरी असं निघालं, की त्याच्या शेवटच्या ओळीवर जुन्या दुकानदाराने समाधानाने 'बेबाक' लिहावं.